यादीत नसलेला झेंडा

मी झेंडे शिवते. पूर्वी एका पुढाऱ्यासाठी फुकट शिवायचे, दारोदार मतंही मागायचे. निवडून आल्यावर तो विरोधकांनाच जाऊन मिळाला. तेव्हापासून फुकटचं काम बंद.

दर वर्षी देशोदेशींच्या परिषदेचे झेंडे सरकार माझ्याकडूनच शिवून घेतं. पहिला झेंडा कायम त्याच बड्या देशाचा, नव्या ताग्यातून. यंदा अधिकारी यादी घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, आता पहिला मान या नव्यांचा. जुने पाचव्या नंबरवर. वारं फिरलंय."

"म्हणजे फक्त साहेब बदलला," मी म्हटलं. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

आठवड्याने तो झेंडे न्यायला आला. गठ्ठा तपासला आणि त्याचा चेहरा पडला. "मावशी, आपल्या देशाचा कुठाय?"

"यादीत नव्हता."

"दर वर्षी तर असतो!"

"यादीत कधीच नसतो," मशीनवरून माझी सून म्हणाली. "सासूबाईच तेवढा एक उरलेल्या तुकड्यांतून फुकट शिवून गुपचूप गठ्ठ्यात घालायच्या. यंदा यादी बघून थांबल्या."

तो खजील झाला. "मग यंदाही तुकडे असतीलच ना? पटकन जोडून द्या."

माझं डोकं फिरलं. मी कोरा तागा टेबलावर उलगडला. "तुकड्यांचा आता मिळणार नाही. आधी यादीत सगळ्यात वर आपलं नाव लिहा, मगच कात्री लावते."

त्याने पेन काढलं आणि तो घुटमळला. "वर जागाच नाहीये, मावशी."

"मग कागद नवा घ्या."