करपलेला कोको

बाईंनी कोकोचा कप नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बघा, वास कसा सुटलाय!"

ओट्याभोवती उभ्या असलेल्या सहा विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दूध तळाला लागलं होतं आणि करपल्याचा वास पार दारापर्यंत गेला होता. तरी सगळ्यांनी मुकाट्यानं कप रिकामे केले. ड्रायव्हरकाकांनी तर "झकास" म्हणून मिशा पुसल्या. तीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि आता त्यांना चहा-कॉफीचं छोटं दुकान टाकायचं होतं.

पेयं बनवायला शिकवणारा हा तीन महिन्यांचा वर्ग बाई अकरा वर्षं घेत होत्या. चहाची किटली आधी गरम पाण्यानं शेकून घ्यायची. कॉफीवर उकळतं पाणी ओतायचं नाही, जरा दम धरायचा. लिंबू सालासकट चिरडायचं नाही, नाहीतर सरबत कडू होतं. कोको आधी थोड्या थंड दुधात कालवायचा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. बाईंचं नाक तर असं तिखट, की शेजारच्या खोलीत दूध नासलं तरी त्यांना इथे कळे.

वर्ग सुटला तरी मावशी रेंगाळल्या. त्यांचं सगळं आयुष्य शिवणकामात गेलेलं. नजर अधू झाली म्हणून पंचावन्नाव्या वर्षी त्या हे शिकायला आल्या होत्या.

"बाई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला ना."

"कोको करपला होता."

पातेलं घासणारा बाईंचा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला. मावशींनीच तो बंद केला.

"मला वासच येत नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "दोन महिन्यांपूर्वी ताप आला होता ना, तेव्हापासून. गोड, आंबट, खारट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं. मुलगी विचारते, आई, भाजी कशी झालीय? मी म्हणते, छान. तिलासुद्धा सांगितलेलं नाही."

"आणि डॉक्टर?"

"म्हणतात, येईल कदाचित; आणि यायला लागला की आधी भलतेच, घाणेरडे वास येतात. कदाचित येणारही नाही. इथे कळलं तर मला कोण ठेवील?"

मावशी शेजारच्या स्टुलावर बसल्या. "माझे डोळे गेले ना, तेव्हा मीही सहा महिने लपवलं. सुई बोटात घुसायची, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. शेवटी एका नवरीच्या पोशाखाला बाही उलटी लावली. ती पोर माझ्यासमोर ढसाढसा रडली. आधी सांगितलं असतं, तर तिचं रडणं तरी वाचलं असतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला सांगून टाकलं. मग ड्रायव्हरकाकांनी घसा खाकरला.

"म्हणजे माझ्या कॉफीला तुम्ही 'उत्तम' म्हणालात, ते?"

"अंदाजानं, काका."

"तरीच! घरी बायको तोंडाला लावत नाही."

बाईसुद्धा हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आता माझं नाक तुम्ही व्हायचं. पण नुसतं 'छान' म्हणालात तर मला काही कळणार नाही. नीट सांगा."

तिथून वर्गाचा रंगच पालटला. प्रत्येक कप सहा जण हुंगायचे आणि बाईंना सांगायचे. काकांच्या मते जुन्या चहापत्तीला "पावसात भिजून वाळलेल्या सीटचा" वास होता. मावशी ताज्या चहाचा कप दोनदा हुंगून म्हणाल्या, "कोऱ्या सुती कापडावर पहिली इस्त्री फिरवली की येतो ना, तसा." बाईंनी डोळे मिटले. तो वास त्यांना लख्ख आठवला.

त्याच आठवड्यात त्यांनी प्राचार्यांनाही सांगितलं. "परीक्षा होऊ द्या," एवढंच ते म्हणाले.

परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या, करड्या चेहऱ्याच्या. काकांनी कॉफी केली, कप बशीत ठेवला, हुंगला आणि सरळ मोरीत ओतून दिला.

"काय झालं?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"घाई झाली. पाणी उकळतं होतं, कडवटपणा उतरलाय. ही मी कुणाला देणार नाही. पाच मिनिटं द्या."

परीक्षकबाईंनी ती पाच मिनिटं दिली. जाताना त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "स्वतःच्या हातचं बिघडलेलं ओळखणारी माणसं मला फार कमी भेटतात. यांना हे कुणी शिकवलं?"

सहाही जण पास झाले. प्राचार्यांनी पुढच्या वर्गाचं वेळापत्रक बाईंच्या हातात ठेवलं. "मदतीला मावशींना घ्या. पगारावर," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी बाईंनी मुलीला सगळं सांगितलं. मुलगी आधी रागावली, मग आईला घट्ट बिलगून बसली.

पुढचा वर्ग सुरू होऊन महिना झाला असेल. मावशी नव्या मुलींना कॉफी गाळून दाखवत होत्या. बाई एकदम जागच्या जागी थबकल्या.

"मावशी, टायर जळतोय का कुठे?"

"नाही बाई. ही कॉफी आहे. चांगली झालीय."

बाईंनी कप ओढून घेतला आणि नाक आत खुपसलं. "रबर! जळकं रबर! शी, किती घाण वास येतोय!"

असं म्हणत त्यांनी मावशींना मिठीच मारली. नव्या मुली दोघींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.