मोकळी पाच मिनिटं

"सॅलिसबरीला चाळीस मिनिटं पुरतील का रे, क्लाइव?"

सकाळचे सव्वासात वाजले होते. मी पायजम्यावर दारात उभा, हातात चहाचा मग. समोर शेजारचा विल्फ स्ट्राइड, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय आणि काखेत वॉलपेपरची गुंडाळी. एवढा मोठा आराखडा मावेल असा दुसरा कागद त्याच्या घरात नव्हता.

"नीट बघायचंय की बघितल्यासारखं करायचंय?"

"भाचीला, नरेलला, चर्चचा तो उंच मनोरा बघायचाय. माझं काही नाही."

"मग पुरे झाली. पण दहा तर गाडी लावण्यातच जातील."

"ती धरलीत. वर पाच मोकळी."

त्याच्या त्या मोकळ्या पाच मिनिटांनी आमच्या गल्लीला वात आणला होता. विल्फने साउथॅम्प्टनच्या सिटी बसच्या कचेरीत चौतीस वर्षं वेळापत्रकं बनवली. शेवटच्या थांब्यावर प्रत्येक बस पाच मिनिटं नुसती उभी ठेवायची, म्हणजे एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या गळ्यात पडत नाही, हे त्याचं सगळ्या आयुष्याचं शहाणपण. निवृत्त झाला तरी दळण तेच. माझी बायको ग्लेनिस म्हणायची, "हा माणूस मरताना यमदूतालासुद्धा पाच मिनिटं दारात उभा करील."

तो आत आला आणि त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वॉलपेपर उलटा पसरला. पाठीवर रेघा मारून तीन दिवस आखले होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. स्टोनहेंज, सॅलिसबरी, विंचेस्टर, जंगलातली रानघोडी, आणि मधे एका चौकटीत दफनभूमी, पंचेचाळीस मिनिटं. गुरुवारी दुपारी धक्का आणि बोट.

हे सगळं त्याच्या बहिणीसाठी चाललं होतं. अ‍ॅव्हिस त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. चौसष्ट साली नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली ती अ‍ॅडलेडचीच झाली, परत म्हणून आली नाही. आता नवरा वारला होता आणि तिची मुलगी नरेल आईला नॉर्वेच्या सफरीला नेत होती. बोट सुटणार होती आमच्याच बंदरातून. नरेलने लिहिलं होतं, 'अंकल विल्फ, बोटीआधी तीन दिवस हातात आहेत. हिंडणं-फिरणं, ने-आण सगळं तुम्हीच ठरवा. मॉम म्हणते, तुमच्याइतकं ते कुणाला जमणार!'

या ओळीवर विल्फ महिनाभर हवेत होता. ने-आण माझ्या टॅक्सीने. बोटीचे उतारू विमानतळावरून गोदीत सोडायचे, अठरा वर्षं मी हेच करत आलो आहे. अनुभवाने सांगतो, लोकांची सुट्टी बोटीवर बिघडत नाही. ती बिघडते बोटीआधी.

कागदाच्या कडेला पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला दिसला. 'आईचं.' त्याच्यापुढे वेळ नव्हती.

"हे काय? दफनभूमी तर बुधवारी घेतलीयस."

विल्फने चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

"ते सांगायचंय तिला. कुठं बसवायचं, तेच कळेना."

मग त्याने मला सांगितलं. तीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा.

अ‍ॅव्हिस निघाली तेव्हा आईने निक्षून सांगितलं होतं, जायचं तर जा, पण मी धक्क्यावर पाऊल ठेवणार नाही. आणि नाहीच ठेवलं. बारा वर्षांचा विल्फ बाबांबरोबर गेला. तेव्हाची रीत अशी, की निघालेल्यांनी वरून रंगीत कागदी फिती सोडायच्या आणि धक्क्यावरच्यांनी दुसरं टोक धरून ठेवायचं. बोट हलली की फीत ताणत जायची आणि तुटायची. विल्फच्या हातातली हिरवी होती. अ‍ॅव्हिस कठड्याशी रडत गर्दीत आईला शोधत होती.

"घरी आलो, तर आई चढावरून वर येत होती. काखेत जेवणाच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ, बोळा केलेला. मी विचारलं, कुठं गेली होतीस? म्हणाली, वेस्टनच्या किनाऱ्यावर. तिथं बसायला काँक्रीटचे आडोसे आहेत ना, त्यातल्या तिसऱ्यापाशी. बोट तिथूनच जाते ना पुढं. पाव तास टेबलक्लॉथ हलवत उभी होती बाई. मग मला म्हणाली, एक टोक धर. आम्ही दोघांनी त्याची घडी घातली. आणि म्हणाली, तिला सांगशील तर याद राख."

"आणि तू चौपन्न वर्षं गप्प?"

"आई होती तोवर तिचा शब्द पाळला. एकोणऐंशी साली आई गेली, मी अ‍ॅडलेडला फोन लावला. अ‍ॅव्हिस म्हणाली, जी बाई मला निरोप द्यायला आली नाही तिच्या मातीला मी कशाला येऊ?" त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तेव्हाच सांगायचं होतं रे. तोंडच उघडलं नाही माझं. नंतर तीनदा पत्र लिहायला घेतलं. पण कागदावर ते खोटं वाटतं. तिला बरं वाटावं म्हणून मी रचलंय, असंच वाटलं असतं तिला. तोंडावर सांगायला हवं."

माझा चहा निवून गेला होता. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं.

त्यानंतर गोंधळाला सुरुवात झाली. नरेलने विमानाचे तपशील धाडले. रविवारी रात्री निघणारं विमान इकडे रविवारीच पोचेल असं ती धरून चालली होती. "आमचं घड्याळ तुमच्या पुढं आहे ना, म्हणून," असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात ते सोमवारी दुपारी पोचत होतं. सोमवार गेला.

विल्फने नवा वॉलपेपर काढला. विंचेस्टर आणि रानघोडी एका दिवसात कोंबली.

मग निरोप आला, की मॉमला लंडन बघायचं आहे, हॉटेल मिळालं आहे, दोन रात्री. मंगळवार गेला. विल्फने विंचेस्टर खोडलं. मग निरोप आला, की दोन नाही, तीन रात्री, कारण तिसरी स्वस्तात आहे. बुधवार गेला. त्याच्याबरोबर दफनभूमी गेली.

"मी तुला लंडनला सोडतो," मी म्हणालो. "बुधवारी भेट जाऊन."

"विचारलं मी. त्यांनी सकाळी राजवाडा घेतलाय, दुपारी नदी, संध्याकाळी नाटक. नरेल म्हणते, गुरुवारी भेटणारच आहोत ना, अंकल."

"मग गुरुवारी आपण त्यांना लंडनहून आणू. गाडीत दोन तास तुझेच."

त्याचा चेहरा उजळला. दोन तासांचा रस्ता त्याने पाच-पाच मिनिटांत आखला. आणि शेवटचा निरोप आला. बोटीच्या कंपनीची एक मोठी बस होती, ती हॉटेलातून उचलायची, वाटेत स्टोनहेंज दाखवायची आणि थेट धक्क्यावर सोडायची. फिरणं आणि ने-आण एकाच तिकिटात. 'म्हणजे तुम्हाला त्रास नको, अंकल विल्फ!'

विल्फ तो निरोप घेऊन माझ्या दारात आला.

"मग मी कुठं आहे यात?" त्याने विचारलं. रागाने नाही. वेळापत्रकात एखादी बस सापडत नसावी, तसं.

शेवटी एवढंच उरलं, की बस सव्वाला धक्क्यावर येईल, अडीचला आत जायचं. मधल्या सव्वा तासात गोदीजवळच्या दुकानात मासे आणि बटाटे. विल्फने त्यासाठीसुद्धा कागद आखला. दोनपर्यंत जेवण. दोन ते दोन पंचवीस, आईचं. पुढची पाच मिनिटं मोकळी.

गुरुवारी आम्ही पाऊण वाजताच पश्चिमेच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. विल्फने नवा टाय घातला होता. हातात कापडी पिशवी. सव्वा वाजला. दीड वाजला. बस येते, उतारू उतरतात, त्यात अ‍ॅव्हिस नाही. विल्फ प्रत्येक म्हातारीकडे निरखून बघायचा आणि मला म्हणायचा, "ही नसावी. की असेल?" नरेलचा फोन लागत नव्हता.

दोनला मी पिवळ्या जाकिटातल्या एका हमालाला बोटीचं नाव सांगितलं.

"ती होय? ती पूर्वेला लागलीय आज. कालच बदललं की. तुम्ही टॅक्सीवाले ना? यादी नाही बघितली?"

नव्हती बघितली. अठरा वर्षं रोज सकाळी मी धक्क्यांची यादी बघतो, आणि त्या एका दिवशी मला वाटलं होतं, आज काय, आज तर आपलंच काम आहे. एवढं सगळं करून माझ्यामुळेच मुसळ केरात. विल्फ पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसला. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन मैलांचा रस्ता, पण त्या दिवशी बंदरात तीन बोटी होत्या. आम्ही पोचलो तेव्हा दोन पस्तीस झाले होते. दाराशी नरेल आमचीच वाट बघत होती, उन्हाने भाजलेल्या खांद्यांची, धिप्पाड, घामाघूम बाई.

"अंकल विल्फ! कुठं होतात तुम्ही? आमचीच बस उशिरा आली, तरी आम्ही तुमच्या आधी! आमची वेळ टळून गेलीय, ते आत बोलावताहेत!"

गोदीचा माणूस माझ्या खिडकीशी आला. "इथं गाडी पाच मिनिटं. वर एक मिनिट नाही."

नरेलच्या मागे काठी टेकून एक बुटकी, पांढऱ्या केसांची म्हातारी उभी होती. तिने विल्फला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"अगं बाई! टक्कल पडलं की रे विल्फीला! आणि नाक बघा, हुबेहूब बाबांचं."

"तुझं बोलणं किती बदललंय," विल्फ म्हणाला.

"आणि तुझं मेलं जराही नाही. अजून नाकातच बोलतोस."

दोघांनी एकमेकांना धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. मग ती स्टोनहेंजच्या वाऱ्याबद्दल सांगायला लागली. दगड लहान निघाले म्हणाली. लंडनमधल्या चहाचे दर सांगितले, गुडघ्याचं सांगितलं. विल्फ हो, हो म्हणत होता. मी गाडीतल्या घड्याळाकडे बघत होतो. दोन मिनिटं गेली. तीन गेली. बोल की रे बाबा, मी मनात म्हणत होतो. साडेतीन.

"मॉम, चल आता," नरेलने तिचा दंड धरला. "परतताना भेटू अंकल, बारा दिवसांनी. म्हणजे भेटू असं वाटतं, त्या दिवशी विमान दुपारचंच आहे."

दोघी चार पावलं गेल्या.

"अ‍ॅव्हिस," विल्फ म्हणाला. "बोट सुटली की डाव्या बाजूला उभी राहा. धक्क्याकडे बघू नकोस. पुढं वेस्टनचा किनारा येतो. तिसरा आडोसा, तिकडं बघ."

"का? काय आहे तिथं?"

"आई तिथं उभी होती."

"कुठली आई?"

"आपली. त्या दिवशी. तुझी बोट जाईपर्यंत टेबलक्लॉथ हलवत होती. तू धक्क्याकडेच बघत होतीस."

अ‍ॅव्हिसच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्याच्या खालचा चेहरा बदलला. "हे काय आता... विल्फी, तू हे काय..." मागून माणसं ढकलत होती, कुणीतरी तिच्या हातातला कागद तपासायला मागत होतं. नरेल म्हणाली, "कोण उभं होतं, मॉम?" काचेचं दार उघडलं आणि मिटलं. पलीकडे ती दोनदा वळली. पण काचेवर ऊन पडलं होतं, तिचा चेहरा आम्हाला दिसला नाही.

गोदीच्या माणसाने माझ्या टपावर थाप मारली.

साडेचारला बोट सुटली. आम्ही तोवर वेस्टनला तिसऱ्या काँक्रीटच्या आडोशापाशी जाऊन बसलो होतो. पाच वाजून गेल्यावर ती समोर आली, चौदा मजल्यांची, शेकडो सज्ज्यांची. विल्फने पिशवीतून टेबलक्लॉथ काढला. पांढरा, निळ्या काठाचा, मधे डाळिंबी डाग. तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवायला लागला. वारा जोराचा होता, त्याचा टाय तोंडावर येत होता. हात दुखले असतील, पण तो थांबला नाही. सगळ्या सज्ज्यांवर माणसं होती. सगळी कुणाला ना कुणाला हात करत होती. आपलं माणूस कुठलं, हे इथून देवालाही कळलं नसतं.

बोट वळणापलीकडे गेली.

"बघितलं असेल का रे तिनं?" विल्फ म्हणाला.

"खरं सांगू? मला नाही सांगता येणार."

"हं." तो पाण्याकडे बघत राहिला. "आईलाही कळलं नव्हतं."

मग त्याने टेबलक्लॉथ झटकला, दोन टोकं आपल्या हातात ठेवली आणि दोन माझ्यापुढे धरली. मी धरली. तो एकेक पाऊल मागे गेला, कापड ताणलं, आणि आम्ही काठाला काठ लावून त्याची घडी घातली.