लवूची काचपट्टी

नलूने काचपट्टी पुन्हा सरकवली, फोकस बारीक केला. काही पेशी इकडेतिकडे विखुरल्या होत्या, पण शुक्रजंतू एकही नव्हता.

"फोटो काढ," डॉक्टर चिंतामणी म्हणाले. "संशोधनाला लागेल. या माणसाला मूल होणं शक्य नाही."

परळच्या त्या प्रयोगशाळेत पेशींचे फोटो काढायचं काम नलू करत असे. हा नमुना लवूचा होता. मूल होत नाही म्हणून तिला वांझ ठरवून ज्याने काडीमोड दिला, तो लवू. आता त्याच्या दुसऱ्या बायकोला, चंपालाही दिवस जात नव्हते, म्हणून इस्पितळाने त्यालाच तपासणीला पाठवलं होतं.

निकाल ऐकून तो व्हरांड्यात आला आणि समोर नलूला बघून थबकला. त्याच्या छातीवर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला होता.

"नलू, घरी कळता नये हां. मोर्च्यात पुढे असतो मी, चार लोक मान देतात. चंपातच खोट आहे असं सांगतो आईला."

"आणि चंपाचं काय?"

"पाठवीन गावी. तुला पाठवली तशी."

अंधाऱ्या खोलीत जाऊन नलूने दोन फोटो छापले, एक लवूच्या नमुन्याचा, एक धडधाकट माणसाच्या. कागदावर सूक्ष्मदर्शकातलं ते जवळजवळ रिकामं वर्तुळ हळूहळू उमटलं तेव्हा तिला फार गोड वाटलं. मग तिने खोलीची किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"पेशंटचा फोटो बाहेर नेतेय, डॉक्टर. तुम्ही मला कामावरून काढून टाकण्याआधी मीच जाते."

"वेडी आहेस का? बस खाली."

ती बसली नाही.

काळाचौकीच्या चाळीत बायका गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. लवूची आई, जाईबाई, दारात होती, तिच्यामागे चंपा. नलूने दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे शेपटीवाले दिसतात ना, त्यांच्यामुळे मूल होतं. आणि हा तुमच्या लवूचा."

जाईबाईने फोटो डोळ्यांजवळ नेला. "ह्यात शेपटीवालं कायच नाय गो."

"डॉक्टरही तेच म्हणाले. वांझ मी नव्हते. चंपाही नाही."

लवू आतून बाहेर आला. "खोटं बोलतेय ती."

"मग चल परळला. सगळ्यांसमोर परत तपासू." नलू आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याशी एकेरीत बोलली होती.

लवूने चपला घातल्या आणि कुणाकडे न बघता जिना उतरला. खाली समितीच्या पोरांनी हाका मारल्या, तरी थांबला नाही. तो दिसेनासा होईपर्यंत नलू कठड्याशी उभी राहिली. तिला जराही दया आली नाही.

ती वळली तेव्हा शेजारची कमल चंपाजवळ आली होती. आपल्या तान्ह्यावर चंपाची नजरही पडू न देणारी कमल.

"धर गं जरा. चुलीवर दूध आहे माझं."

चंपाने हात पुढे केले. बाळाची मान सावरणं तिला नीट जमत नव्हतं.

नलू बघत राहिली. ती इथे नांदत असताना या गॅलरीत तिच्या हातात कुणी कधी मूल दिलं नव्हतं. मग पदर सारखा करून ती जिना उतरली.