खुर्चीचे पाय

सासूबाईंनी तो फोटो माझ्या हातात दिला तेव्हा त्याला फोटो म्हणायलाही जीव धजावत नव्हता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांखाली पडलेले चार तुकडे. मागून कधीतरी कुणी चिकटपट्टी लावलेली, ती पिवळी पडून वाळक्या पानासारखी कडकड वाजायची. ओल लागून सगळीकडे बुरशी. वरच्या बाजूला तर तळहाताएवढ्या जागेचे पोपडेच निघून गेले होते आणि खाली नुसता पांढरा कागद दिसत होता.

उरलं होतं ते एवढंच : चादर टाकलेली एक खुर्ची, आणि तिच्यावर बसलेली सात-आठ महिन्यांची टकमक बघणारी मुलगी. ती मुलगी म्हणजे आमच्या सासूबाई. आज वय वर्षं एक्क्याऐंशी.

"यात माझी आई आहे," त्या म्हणाल्या.

"कुठे, आई?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला दिला असता? वडील सांगायचे, त्या फोटोत तुझी आई आहे, जपून ठेव. मी जपला. आता तू शोध."

आई गेली तेव्हा त्या वर्षाच्याही नव्हत्या. तिचा दुसरा फोटो नाही, तिला पाहिलेलं माणूस आता हयात नाही. सासूबाईंचा उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, चार-सहा महिने धरून चाला.

"तो जायच्या आत एकदा तिचं तोंड बघू दे," त्या म्हणाल्या. "मग काय, अंधारच आहे. बसेन तिला आठवत."

मी हो म्हणून बसले. हो म्हणायला जीभ पुरते, निभवायला सगळं शरीर लागतं.

फोटो घेऊन मी वाचनालयात गेले. तिथल्या मागच्या खोलीत दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी आम्ही तिघं बसतो. तळघरातला नळ फुटून वाचनालयाचे जुने फोटो भिजले होते, तेव्हा मदतीला या म्हणून पाटी लागली. आरंभी पंधरा जण आले. फोटो वाळेपर्यंत तिघं उरलो. मग लोक घरचे फोटो आणू लागले आणि आमचं बूड तिथून हललं नाही. एक नकाशेकाका. जन्मभर बांधकाम खात्यात नकाशे काढले, आता निवृत्त. दुसऱ्या नर्सताई, ड्यूटी संपवून परस्पर येतात आणि पहिली दहा मिनिटं टेबलावर डोकं टेकून झोपतात. तिसरी मी. मला काका मौनीताई म्हणतात, कारण उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, मी बोलत नाही. एक वेळ जेवते. खोटं बोलत नाही. तीन नेमांतला हा शेवटचा सगळ्यांत जड, कारण तो मोडला तरी कुणाला दिसत नाही.

पहिल्या दिवशी तुकडे जुळवून काचेखाली ठेवले आणि स्कॅन केला. आमचा स्कॅनर कण्हतो, म्हणून त्याला म्हातारा म्हणतात.

"म्हाताऱ्याचं हे पहिलं चित्र वेगळं ठेवा," नर्सताई टेबलावरून डोकं न उचलता म्हणाल्या. "पहिला एक्स-रे कुणी फेकतं का?"

ते वेगळं ठेवलं आणि विसरलो.

मग बुरशी. कापसाचा बोळा जेमतेम ओला करून मी मूळ फोटोवरून फिरवत होते. मुलीच्या कमरेशी चार काळपट डाग होते, तीन जवळजवळ आणि चौथा जरा फटकून, वाकडा. बुरशीचेच. ते निघाले. त्यांच्याबरोबर फोटोचा थरही थोडा निघाला, पण इतक्या पडझडीत तेवढ्याचं काय वाटणार? पुसलेला फोटो पुन्हा स्कॅन केला आणि घरी कॉम्प्युटरवर शेजारचा स्वच्छ तुकडा उचलून मी त्या जागी चढवला. मुलीचा झगा छान एकसारखा झाला. मला बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

काकांना दुसरीच काळजी.

"ही खुर्ची उभी कशावर आहे?" ते भिंग लावून म्हणाले. "पाठ दिसते, गोलसर. बैठक दिसते. पाय नाहीत!"

"चादरीत झाकले असतील."

"चादर जमिनीपर्यंत जात नाही हो. खाली नुसता काळोख आहे. पाय नसलेली खुर्ची मी कागदावरून पुढे जाऊ देणार नाही. जन्मात दिली नाही."

आणि त्यांनी दोन पाय काढले. पट्टी लावून, सावलीसकट, सुबक. आम्ही दोघींनी वाखाणले.

असे दोन महिने गेले. घरातली सगळी कामावर गेली, की जपानंतर मी सासूबाईंच्या खोलीतल्या कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसायची. चादरीची एकेक चुणी सरळ करायची. मनगट दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, उठताना गुडघे माझ्या आधी बोलायचे. मागून सासूबाई विचारायच्या, "आली का गं?"

"येतेय, आई."

"पायी येतेय वाटतं."

पण जिथे चेहरा असणार, त्या पांढऱ्या जागेत काहीच नव्हतं. नसलेलं कुठून आणणार? शेवटी काकांनीच मार्ग काढला. सासूबाईंचे तरुणपणीचे दोन फोटो मागून घेतले, त्यातलं नाक, कपाळ, हनुवटी घेतली, आणि खुर्चीमागे उभी राहिलेली एक बाई तयार केली. शनिवारी तिची छापील प्रत टेबलावर ठेवली. बाई खरंच सुरेख होती. शांत. कुणाची तरी आई वाटावी अशी.

मी काही बोलेना, तेव्हा नर्सताई म्हणाल्या, "मौनीताई, दुपारचे तीन वाजलेत. बोला की."

"हा चेहरा खरा नाही."

"औषधही कडू असतं, वर साखर चढवूनच देतो ना आपण? म्हातारीला सुख होईल. कुणाचं काय बिघडतं?"

"आणि नाक त्यांच्याच घरातलं आहे," काका म्हणाले. "परकं एक रेघभर नाही."

मी ती प्रत पाकिटात घालून पिशवीत ठेवली. रविवार गेला, सोमवार गेला. देवापुढे बसले की पिशवीच डोळ्यांपुढे यायची. सासूबाईंना मी "येतेय, येतेय" म्हणत आले होते, तेही एका परीने खोटंच होतं. आता खोट्यावर फक्त नाकडोळे काढायचे राहिले होते. मी थकले होते. खरं सांगायचं तर मंगळवारी सकाळी मी ठरवूनच उठले होते, की आज देऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं.

साडेनऊला त्यांना गोळी दिली आणि पाण्याचा पेला दिला. गेली सव्वीस वर्षं मी त्या बाईंना पाणी पिताना बघते आहे. तीन बोटं पेल्याला धरून, करंगळी बाहेर फटकून, आतल्या बाजूला वाकलेली. लहानपणी ती दारात सापडून वाकडी झाली, असं त्यांची सावत्र आई सांगायची. त्या दिवशी डाव्या बाजूच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि पांढऱ्या पेल्यावर ती चार बोटं काळपट दिसत होती. तीन जवळजवळ. चौथं फटकून, वाकडं.

मी कॉम्प्युटरपाशी गेले. म्हाताऱ्याचं पहिलं चित्र उघडलं. मुलीच्या कमरेपाशी मोठं करून बघितलं.

बोटं होती. चादरीतून बाहेर आलेली, मुलीचा झगा मुठीत आवळून धरलेली.

मग बाकीचं आपसूक दिसायला लागलं. खुर्चीला पाय नव्हते कारण ती खुर्ची नव्हतीच. गोलसर पाठ म्हणजे डोकं होतं, चादरीखालचं. बैठक म्हणजे मांडी. आणि मी ते डाग पुसले होते. कॉम्प्युटरवर पुसले ते पुसले, मूळ कागदावरूनही, कापसाने, देवाचं नाव घेत घेत.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची एवढी का करकरली?"

दहाला पंचवीस मिनिटं होती. मी हातानेच थांबा म्हटलं. त्यांना ते दिसलं नसणार.

"तुझं मौन म्हणजे माझी पंचाईत. आधीच दिसत नाही, त्यात तू बोलायची नाहीस. म्हणजे मी काय भिंतीशी नांदते की काय?"

ती पंचवीस मिनिटं मी मणी ओढले. जप झाला असं म्हणवत नाही.

दहाला काकांना फोन केला. सगळं हळू आवाजात सांगितलं.  मग काका म्हणाले, "अहो, हे असं करायचे. जुन्या पेटीच्या कॅमेऱ्याला वेळ लागायचा. मूल हललं की फोटो वाया. मग आईला बसवायचं, मांडीवर मूल द्यायचं आणि आईवर चादर टाकायची. ऐकून होतो मी. माहीत होतं मला. आणि मी त्या माउलीला खुर्चीचे पाय लावले."

"मी तिचा हात पुसला, काका."

"त्या छापलेल्या चेहऱ्याचं काय करणार?"

"फोनवर कुजबुजू नकोस," मागून सासूबाई म्हणाल्या. "डोळा गेलाय, कान नाही गेला. कुणाचा हात पुसलास?"

मी फोन ठेवला आणि त्यांच्या पलंगावर जाऊन बसले. क्रम लावून सांगायचं ठरवलं होतं, पण सगळं उलटसुलट निघालं, छापलेला चेहरा आधी आणि बोटं नंतर. चेहरा त्या फोटोत कधी नव्हताच, हे सगळ्यांत शेवटी आलं.

"म्हणजे माझ्या आईवर चादर टाकली?"

"हो."

"कुणी?"

"फोटोवाल्याने. तशी पद्धत होती म्हणतात."

"आग लागो त्या पद्धतीला! आणि वडील शेजारी उभे राहून बघत होते? एक फोटो बाईचा काढायला काय धाड भरली होती?" त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "आणि जे उरलं होतं ते तू पुसलंस."

"हो, आई."

"देवाचं नाव घेऊन?"

"हो."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

मग तिकडेच तोंड ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तो छापलेला चेहरा कुठला?"

मी पाकीट काढून दिलं. त्यांनी डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. भिंग मागितलं.

"ही मीच आहे," त्या म्हणाल्या. "जरा नटवलेली. नवऱ्याने बघितलं असतं तर खूश झाला असता." प्रत पालथी घालून माझ्याकडे सरकवली. "ही नको. माझ्या तोंडाकडे बघायला आरसा होता की इतकी वर्षं. ते बोटांचं दाखव."

मी खुर्ची ओढून त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि पहिलं चित्र जमेल तेवढं मोठं केलं. डाग, बुरशी, फाटलेली रेघ, सगळं तसंच. त्यांना आधी काही दिसेना. मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर नेलं. एक. दोन. तीन. मग थोडी जागा सोडून चौथं.

त्यांनी आपला हात उचलून पडद्यापाशी धरला. करंगळीकडे बघितलं, पडद्यावर बघितलं.

"दारात नव्हती सापडली तर," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

"सावत्र असली तरी बाई कधी खोटं बोलायची नाही, असं म्हणायची मी." त्या थोडं हसल्यासारख्या झाल्या, मग नाक ओढलं. "केवढं आवळून धरलंय बघ. झगा फाटला असेल. मी पडेन अशी भीती वाटत असेल तिला."

मी म्हणाले, "मी सगळं पुन्हा करते. या चित्रावरून. बोटं नीट येतील." हे म्हणताना दोन महिने पोत्यासारखे पाठीवर येऊन पडले. प्रत्येक चुणी मी सरळ केली होती, ती आता होती तशी ठेवायची. काकांना खुर्चीचे पाय पुसायला सांगायचे. त्यांना वाईट वाटेल, पाय खरंच चांगले जमले होते.

"डाग काढ," सासूबाई म्हणाल्या. "फाटलेलं सांध. पण चादरीला हात लावू नकोस हं. एक सुरकुती काढायची नाहीस. आत ती आहे."

"नाही काढणार."

"ती वरची पांढरी जागा?"

"तिथे काय होतं ते आता कळायचं नाही. ती पांढरीच ठेवते."

"ठेव." त्या पुढे वाकल्या. नाक जवळजवळ काचेला लागलं. "हे इथे उंच आहे ना, हा गुडघा असेल. हा दुसरा. आणि हे काय, गोल?"

"डोकं. आम्ही त्याला खुर्चीची पाठ समजत होतो."

"शहाणेच आहात सगळे. पाठ कधी अशी कलते का? कुठे कललंय, सांग नीट. मला कडा दिसत नाहीत."

मी बघितलं. दोन महिने रोज बघत होते, पण आता बघितलं. "डावीकडे, आई. आणि जरा खाली."

"खाली म्हणजे माझ्याकडे."

"हो."

"चादरीतून तिला काय दिसणार म्हणा," त्या म्हणाल्या, आणि तो एक डोळा तिथेच लावून बसल्या. अकराचे थेंब घालायची वेळ होऊन गेली होती. मी बाटली हातात घेऊन मागे उभी राहिले. उठा म्हणायचं माझ्याने झालं नाही.