सोन्याचा दात

धरण बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून आईला घेऊन चाललोय, असं मी घरी सांगितलं. खरं तर हट्ट तिचाच. शहाऐंशी वर्षांची आहे, डॉक्टरने हात टेकलेत, आणि तिला आमचं बुडालेलं गाव बघायचं होतं. पाण्यात काय दिसणार, कपाळ?

आधी चित्रफीत दाखवली. तिच्यात सगळे हसत होते. मग बसने वर कठड्यापाशी आणून सोडलं. गाईड पोरगी म्हणाली, अर्धं धरण आपलं, पाराग्वेचं, अर्धं ब्राझीलचं.

"मग मासे कोणाचे गं?" आईने विचारलं. लोक हसले.

ती बाकावर टेकली, थंड तेरेरेचा, आमच्या पाल्याच्या चहाचा, एक घोट घेतला. "फर्मिन, मी गेले की मला सिरिलोच्या शेजारी ठेव. दुसरीकडे नको."

सिरिलो माझा धाकटा भाऊ. सातव्या वर्षी साप चावून गेला. पाणी चढायच्या आधी गावातली थडगी नव्या वस्तीत हलवली, तेव्हा आई तिकडे घर उभं करत होती. ओळख पटवायला मी गेलो. आमच्या क्रूसांवर नावं नव्हती, बायकांनी विणलेली पांढरी कापडं असायची. त्या मे महिन्यात, क्रूसाच्या सणाला, ती धुऊन परत घालायचं काम माझ्यावर होतं. कोणतं कापड कुठल्या क्रूसाचं, हे मी नीट बघितलं नव्हतं. सिरिलोचं कापड ज्या क्रूसावर दिसलं, तिथे मी बोट दाखवलं. खणल्यावर जबडा निघाला, त्यात सोन्याचा दात. तरी मी 'हाच' म्हणून मान डोलावली. सात वर्षांच्या पोराला सोन्याचा दात नसतो, एकोणिसाव्या वर्षी तेवढं कळत होतं.

आता 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"आई, तिथे सिरिलो नाहीये."

सगळं सांगितलं, दातासकट. ती पाण्याकडे बघत राहिली.

"मग तो कुठे आहे?"

मी समोर हात केला. नेमकी जागा मलाही माहीत नव्हती.

"चाळीस वर्षं मी कोणाशी बोलत होते रे?"

मला लाज वाटली, आणि भीतीसुद्धा.

"शेजारचं खणायला का नाही सांगितलंस?"

"ट्रक थांबला होता. ड्रायव्हर घाई करत होता."

गाईडने टाळ्या वाजवून सगळ्यांना बोलावलं. माणसं चढली, आमच्या दोन जागा तेवढ्या रिकाम्या राहिल्या. मी तिच्या दंडाला हात लावला.

"चल आई, बस थांबलीये."

"थांबू दे," ती म्हणाली.