सून माहेरी गेली आहे

बुधाजी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती, पण अमरावतीच्या त्यांच्या कॉलनीत कागद धड धरता येईल असा एकही माणूस त्यांना अजून भेटला नव्हता. शेजारचा मास्तर अर्जावर तारीख टाकायची विसरायचा. समोरचा इंजिनिअर आधार कार्डाची झेरॉक्स तिरपी काढून आणायचा. पोटचा पोरगा अनुप मस्कतच्या हॉटेलात नोकरीला गेला आणि तिथंच काम करणाऱ्या श्रीलंकेच्या पोरीशी लग्न लावून मोकळा झाला, तेही दाखल्याचा नमुना बापाला न दाखवता. असल्या गाढवांच्या दुनियेत आपण चौतीस वर्षं एकही मेमो न घेता नोकरी केली, हे ते दर दोन दिवसांनी कुणाला तरी ऐकवत. लोक ऐकून घेत. फाटकात गाठल्यावर दुसरं करणार काय?

सुनेचं नाव निलुका. तिची मस्कतची नोकरी सुटली तशी ती वर्षापूर्वी सासरी राहायला आली. परदेशी बाई म्हणून पोलिसांकडे तिची नोंद होती आणि व्हिसाची मुदत तीस एप्रिलला संपत होती. मुदतवाढीचा अर्ज बुधाजींनी स्वतः भरला. आता पोलीस घरी येऊन पत्त्याची खात्री करणार आणि अहवाल पाठवणार, एवढंच बाकी होतं.

बावीस तारखेला अहवालाऐवजी निरोप आला. सोळा तारखेच्या चौकशीच्या वेळी अर्जदार घरी आढळल्या नाहीत. घरच्यांच्या सांगण्यानुसार त्या माहेरी गेल्या आहेत. तरी मूळ पासपोर्ट आणि सासू-सासऱ्यांसह गुरुवारी पोलीस कार्यालयात हजर राहावे.

माहेर समुद्रापलीकडे. म्हणजे कागदावर निलुका देश सोडून गेली होती आणि खरी निलुका स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. अनुप फेब्रुवारीत सुट्टीवर येऊन गेला होता आणि तिला तिसरा महिना चालू होता. डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं होतं, आणि तीस तारखेच्या आत अहवाल गेला नाही तर तिला कोलंबोचं विमान धरावं लागणार होतं.

"कोनं सांगतलं हे?" बुधाजी बायकोवर ओरडले. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! तुयंच काम होय हे."

मनकर्णाबाई त्यांच्या ओरडण्याला सदतीस वर्षांपूर्वीच भ्यायच्या थांबल्या होत्या. "मी अन् निलुका त्या दिवशी अकोल्याले माह्या बहिनीच्या घरी होतो, डॉक्टरीणबाईले दाखवाले. घरी तुमीच होते."

"म्या घरी असताना असा मूर्खपना होत नसते. कोनी आलंच नाई. एक वर्गणीवाला आला होता, त्याले फाटकावरूनच वाटेले लावलं."

मग हे नक्की मास्तरचं काम, असं त्यांनी ठरवून टाकलं. मास्तरला काही विचारलंसुद्धा नाही. मूर्खाला विचारून काय मिळणार!

पुढचे दोन दिवस बुधाजींनी फाईल बांधली. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, विजेचं बिल, पांढऱ्या पार्श्वभूमीचे सहा फोटो, सगळ्याचे दोन-दोन संच, वर अनुक्रमणिका. संध्याकाळी ते खुर्चीत साहेब होऊन बसत आणि निलुकाला समोर उभं करून उलटतपासणी घेत.

"इचारलं तेवढंच सांगाचं. जास्तीचं तोंड उघडाचं नाई. अन् खोटं तर बिलकुल नाई. सरकारी कागदावर खोटं बोलनारा मानूस लेकाचा जनावरापेक्षा बेकार."

"मले समजते, बाबा," निलुका म्हणे. सासूकडून उचललेली वऱ्हाडी ती मान हलवत बोलायची. बुधाजींना त्याचाही राग येई. हिला काय समजतंय कपाळ, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

गुरुवारी ते तिघं ऑटोनं निघाले आणि अकराच्या ठोक्याला कार्यालयात पोचले. खोलीत पाऊल ठेवल्याबरोबर बुधाजींनी मनातल्या मनात तपासणी सुरू केली. टेबलावर कपाचा गोल डाग. फायलींना नाड्या नाहीत. आणि अधिकाऱ्याच्या खुर्चीत दामिनी मॅडम, वय जेमतेम तीस. आपल्या काळात असल्या पोरीला आवक-जावकही दिली नसती!

"मॅडम, अनुक्रमणिकेप्रमाणे पाहत गेलात तर वेळ वाचेल," ते म्हणाले. "मी चौतीस वर्षं—"

"बसा काका," दामिनी मॅडम म्हणाल्या. पासपोर्ट चाळून त्यांनी निलुकाकडे पाहिलं. "तुमची देशाबाहेर गेल्याची नोंद नाही. घरी नव्हता. मग होता कुठं?"

"अकोल्याले. डॉक्टर," निलुका म्हणाली. मनकर्णाबाईंनी पिशवीतून डॉक्टरीणबाईंचा कागद काढून दिला.

मॅडमनी तो वाचला आणि कपाळावर हात मारला. "अहो, दोन दिवस अकोल्याला जायला मनाई कुठं आहे? तेवढं सांगितलं असतं तर आमचा माणूस तिसऱ्या दिवशी परत आला असता. माहेरी गेली कोण म्हणालं?"

"शेजारी एक मास्तर आहे," बुधाजी म्हणाले. "अत्यंत बेजबाबदार."

मॅडमनी चौकशीला गेलेल्या देवीदासला हाक मारली. साध्या शर्टातला, उन्हानं रापलेला एक माणूस दारातून आत आला आणि बुधाजींना बघून जागीच थांबला.

"हेच काका होय, मॅडम," तो म्हणाला. "म्या इचारलं, सूनबाई कुठी हाय? माहेरी गेली म्हनाले. मी ओळखपत्र काढून राहिलो होतो, तवरीक फाटक लागलं."

बुधाजींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. वर्गणीवाला! त्या दुपारी त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंही नव्हतं. कोण कुठला घामट माणूस अव्वल कारकुनाच्या सुनेची चौकशी करतो, या तिरमिरीत तोंडाला आलं ते फेकलं होतं आणि आत येऊन पंख्याखाली झोपले होते.

"साफ खोटं," बुधाजी म्हणाले. चौतीस वर्षांची सवय ती. आधी नाकारायचं, मग वाचायचं.

दामिनी मॅडम चिडल्या नाहीत. "बघा काका. तुम्ही म्हणालात असं लिहून दिलं तर मी आत्ता माणूस पाठवते, पत्ता बघून घेते, संध्याकाळी अहवाल जातो. तुम्ही नाही म्हणत असाल तर तुमचा आणि याचा असे दोन जबाब होतील. ते वर पाठवावे लागतील. तिथून तीस तारखेच्या आत काही येत नाही."

बुधाजींनी फाईलची नाडी सोडून पुन्हा बांधली. मनकर्णाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. खरं काय ते विचारायची त्यांना गरज नव्हती, आणि हे बुधाजींना फार टोचलं.

"मॅडम," निलुका अचानक म्हणाली, "म्याच सांगतलं बाबाले. कोनी आलं तं माहेरी गेली म्हना. माही चूक."

सुटलो! बुधाजींच्या मनात पहिल्यांदा हाच शब्द आला, आणि तो आला याची त्यांना किळस वाटली. इंग्रजीत लिहून सही करा, म्हणत मॅडमनी कोरा कागद निलुकापुढे सरकवला. तिनं पेन उचललं. परदेशी बाईनं पोलिसांची दिशाभूल केल्याची कबुली, तीही स्वतःच्या सहीची. हा कागद दर वर्षी मुदतवाढीला वर येईल आणि मस्कतहून अनुप आला तरी निघणार नाही. हे त्या खोलीत बुधाजींइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला तर वाटत होतं, सही केली की घरी जायचं.

"थांब," ते म्हणाले. "सही करू नको. मी बोललो, मॅडम. तिचा काही संबंध नाही."

"पण का, काका?"

"मले वाटलं, वर्गणीवाला होय."

"वर्गणीचा शब्द नाई काढला म्या," देवीदास म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रारही उरली नव्हती. "खोट्याचं काय नाई, मॅडम, लोक बोलतातच. दुपारचे दोन वाजले होते. म्या पानी मागतलं होतं. हे म्हनाले, इथं काय पानपोई हाय का?"

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "तुमी?" त्या म्हणाल्या. "पानी नाई देल्लं?"

बुधाजींचे वडील मजुरीचे दिवस सांगत. तिवस्याच्या बाजारात तहान लागली की परक्याच्या दारासमोर ओंजळ करून उभं राहायचं. वरून कुणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर चालू लागायचं. हे बुधाजी दर एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर सांगत. सांगताना ते ओंजळ करून दाखवत, लोक टाळ्या वाजवत, आणि माइक सोडताना ते आयोजकांना कार्यक्रमपत्रिकेतल्या चुका दाखवत. यंदाही चौदा तारखेला सांगितलं होतं. देवीदास फाटकाशी आला त्याच्या दोनच दिवस आधी.

त्यांनी निलुकापुढचा कागद ओढून घेतला आणि लिहायला लागले. घरी आलेल्या कर्मचाऱ्यास सून माहेरी गेल्याचे मी खोटे सांगितले. ती अकोल्यास दवाखान्यात गेली होती व तिला याची काहीही कल्पना नव्हती. एवढं पुरेसं होतं. पेन थांबलं, आणि पुन्हा चालू लागलं. सदर कर्मचाऱ्याने पिण्यास पाणी मागितले असता मी ते दिले नाही.

दामिनी मॅडमनी वाचलं. "शेवटची ओळ लागत नाही, काका. खोडून टाका."

"असू द्या," बुधाजी म्हणाले आणि खाली सही करून तारीख टाकली. देवीदासकडे बघायचं त्यांनी दोनदा मनात आणलं, दोन्ही वेळा जमलं नाही.

निलुकाला मराठी वाचता येत नव्हतं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिनं सासूला हळूच विचारलं, "आई, हे माह्याबद्दल होय?"

"नाई, माय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे त्यायच्या बापाबद्दल होय."