टोपीखालचा आकडा

मी हवा मोजणारा डबा बोलतोय. बोलायची हौस नाही. विज्ञानाच्या बाई हटूनच बसल्या, "मुलांना कळू दे." म्हणून सांगतो. मधे चुळबुळ केलीत तर गप्प बसेन.

माझं शिक्षण आकड्यांपुरतं. कारखान्यात जुळणी झाली, पोटात छोटा पंखा बसवला आणि थेट या शाळेच्या गच्चीवर आणून ठोकलं. काम एकच, हवा ओढायची आणि तिच्यात काय आहे ते सांगायचं.

काय नव्हतं ते विचारा! शेजारी लोखंड वितळवून ओतणारा कारखाना. रोज अकराला भट्टी पेटायची. दगडी कोळशाच्या धुरातला सल्फरचा वायू घशाला झोंबायचा. तो पावसात मिसळला की त्याचं आम्ल होतं. गच्चीच्या पत्र्याला त्यानंच भोकं पाडली, कुंपणाच्या झाडाची पानं करपवली. रस्त्यावर ट्रक इंजिन चालू ठेवून उभे. त्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, तोही छातीला वाईट. कोपऱ्यावर कोणीतरी कचरा पेटवून मोकळं व्हायचं. आणि या सगळ्यांतून येणारी बारीक धूळ! डोळ्यांना दिसत नाही, थेट फुप्फुसात जाऊन बसते. फाटकावरच्या पाटीवर तिचाच आकडा लागायचा. शंभराच्या आत असला तर मुलं मैदानावर, नाहीतर वर्गात. मुख्याध्यापिकाबाईंचा नियम. नियम चांगला होता.

माझी देखभाल शिपाईकाकांकडे. वस्तूंना फार जपणारा माणूस. भट्टी पेटली की मी काळा पडतो, हे त्यांना बघवेना. काकूंनी जुन्या शर्टाची इलॅस्टिकवाली टोपी शिवून दिली. रोज पावणेअकराला काका वर येत आणि ती माझ्या तोंडावर चढवत. "घाण खाऊ नकोस बाबा, म्हातारपणी खोकत बसशील." भट्टी विझली की काढायचे.

तोंड बांधल्यावर मी काय मोजणार, कपाळ! धूळ कापडात अडायची आणि पाटीवर साठ. साडेअकराला मधली सुट्टी. मुलं धावायची, सगळ्यांच्या पुढे काकांची दुसरीतली नात. तिच्या श्वासाची शिट्टी मला गच्चीवर ऐकू यायची. काका म्हणायचे, "सर्दी असेल. हवा चांगलीय, पाटी बघा की." स्वतःच झाकायचे आणि स्वतःच पाटी बघायचे! दोन वर्षं असंच.

एकदा काकू आजारी पडल्या, काका रजेवर गेले. भर धुरात माझं तोंड पहिल्यांदा उघडं राहिलं. होतं ते सांगितलं. तीनशे बारा.

मुख्याध्यापिकाबाई घाबरल्या. मला बसवून गेलेल्या इंजिनिअरला बोलावलं. तो गच्चीवर आला तोच नाकाला रुमाल लावून. रुमालातूनच म्हणाला, "काल साठ, आज तीनशे? डबा म्हातारा झालाय बाई, बरळतोय."

"मग मुलांना सोडू बाहेर?"

"खुशाल सोडा."

आणि माझी वायर उपटली.

थोड्याच वेळात ती पोरगी मैदानात मटकन खाली बसली. ओठ निळे. बाईंनी उचलून दवाखान्यात पळवलं म्हणून वाचली. आता धावत नाही. दप्तरात श्वासाचा पंप असतो, जिना चढताना दोनदा थांबते.

काका परतले. गच्चीवर येऊन माझ्यापुढे फतकल मारून बसले, हातात ती काळीकुट्ट टोपी. "मीच रे, मीच तुझं तोंड दाबलं." मग खाली जाऊन सगळ्यांसमोर कबूल केलं. असलं बोलायला छाती लागते. मी त्यांना तिथंच माफ केलं.

आता मी वर्गातल्या कपाटात, अंगावर इंजिनिअरनं लावलेली 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी अजून तशीच. भट्टी अजून पेटते. नवा डबा येईल म्हणतात. त्यानं वाईट आकडा दाखवला तर त्याला हव्या तेवढ्या शिव्या द्या पोरांनो, पण आधी वर्गात जा.

काकांनी माफी मागितली. बाईंनीही मागितली, गरज नसताना. भट्टीवाल्याकडून माझी अपेक्षाच नाही. राहिलाय तो इंजिनिअर.